वीसपैकी आठ

रेघ पट्टीने ओढली होती. लाल शाईची, सरळ, नावाच्या मधोमध. हाताने ओढली असती तर मला एवढं लागलं नसतं. रागाच्या भरात माणूस काट मारतो, ते समजतं. पण कुणीतरी ऑफिसातून पट्टी आणून, बोर्डावरचा कागद एका हाताने दाबून धरून, 'डोमा नरोटे' या नावावरून ती रेघ नीट ओढली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'चौकशी होईपर्यंत निकाल राखून.' सोमवारची सकाळ, पावणेनऊ. कालच्या गोल्फ स्पर्धेचा निकाल बघायला मी ऑफिसला जाता जाता क्लबपाशी गाडी थांबवली होती. खरं तर निकाल मीच टाइप केला होता, बघण्यासारखं काही नव्हतं. पण आपण केलेलं बरोबर काम भिंतीवर लागलेलं बघायला मला आवडतं, हा माझा जुना दोष आहे. पहिलं नाव डोमाचं. एकूण फटके चौऱ्याहत्तर, हँडिकॅप एकोणीस, निव्वळ पंचावन्न. खाली सही, अश्वजित खोब्रागडे, हँडिकॅप सेक्रेटरी. माझ्या सहीवर रेघ नव्हती. ते पाहून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. ती लाज घेऊनच मी ऑफिसात गेलो आणि दुपारपर्यंत कुणाशी धड बोललो नाही.

चंद्रपूरहून बाहेर पडलं की अर्ध्या तासावर आमच्या कंपनीची कॉलनी लागते आणि कॉलनीच्या मागे हे नऊ होलचं मैदान आहे. तेच दोनदा फिरलं की अठरा होल होतात. मे महिन्यात सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीत इथं गवत जगत नाही, म्हणून होलभोवती हिरवळीऐवजी तेल शिंपडून दाबलेली बारीक वाळू असते. तिला ब्राउन म्हणतात. ब्राउनवरून बॉल गेला की त्याची रेघ उमटते, बुटांचे ठसे उमटतात; मग लांब दांड्याच्या फळीने ते सगळं पुसून वाळू पुन्हा सारखी करावी लागते. हे काम बारा वर्षं डोमाकडे होतं. ठेकेदाराचा माणूस, पंपहाउसमागच्या खोलीत राहणारा, मूळचा एटापल्ली तालुक्यातला. सातव्या होलच्या पलीकडच्या झुडपांत वाघीण येते म्हणून पाचनंतर सातवा होल बंद करायचा, हेही कामच. डोमा त्या होलचा झेंडा काढून आणायला एकटाच जायचा. आम्ही अधिकारी लोक तोवर चहा घेत असायचो.

हँडिकॅप काय असतो ते माझ्या बायकोला, संघप्रियाला, मी एका रविवारी कागद घेऊन समजावलं होतं. आमच्या मैदानावर चांगल्या खेळाडूला सत्तर फटके लागावेत असं धरलेलं आहे. कुणाला पंच्याहत्तर लागतात, कुणाला नव्वद. ते दोघं एका स्पर्धेत खेळणार कसे? तर प्रत्येकाची शेवटची वीस कार्डं घ्यायची. प्रत्येक कार्डाच्या बेरजेतून मैदानाचं रेटिंग, म्हणजे सत्तर, वजा करायचं. एकशे तेराने गुणायचं आणि मैदान किती कठीण आहे त्या आकड्याने भागायचं. आमच्या मैदानाचा तो आकडाही एकशे तेराच आहे, त्यामुळे गुणून भागून उत्तर तेच येतं. तरी मी करतो. मग त्या वीस उत्तरांतली सगळ्यांत चांगली आठ निवडायची आणि त्यांची सरासरी काढायची. तेवढे फटके स्पर्धेत त्याच्या एकूणातून वजा. "अन् बाकीची बारा?" संघप्रियाने विचारलं. सोडून देतात, मी म्हणालो. ती शाळेत शिकवते. ती हसून म्हणाली, "बरं आहे तुमचं. आमच्याकडे तर एक चूक धरून बसतात जन्मभर." मला नेमकं तेच आवडलं होतं. माणसाचं माप त्याच्या वाईट दिवसांवरून काढायचं नाही. त्याच्यात जे आहे, जे विसांतून आठदा तरी दिसलं, त्यावरून काढायचं. असा नियम मी आयुष्यात दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता.

हे पद माझ्याकडे आलं तेव्हा अकाउंट्सचा लोकेश, जो क्लबचा सेक्रेटरी आहे, सगळ्यांसमोर म्हणाला, "खोब्रागडे साहेबांनाच द्या. सवलतीचा हिशेब त्यांच्याइतका कुणाला कळणार?" सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं इतरांपेक्षा जरा मोठंच झालं असावं, कारण लोकेशने माझ्या पाठीवर थाप मारली. बारावीला मी जिल्ह्यात चौथा होतो. इंजिनिअरिंगला खुल्या यादीतून नंबर लागला होता. हे सांगायचं सुचलं नाही असं नाही. सांगितलं असतं तर मी मनाला लावून घेतलं असं झालं असतं. घरी आलो आणि सॉफ्टवेअर उघडून सदस्यांची कार्डं भरत बसलो. ठरवलं की एवढी एक गोष्ट तरी या जागेत पूर्ण न्यायाने चालेल. खेळेल त्या प्रत्येकाचा हँडिकॅप निघेल. प्रत्येकाचा म्हणजे डोमाचाही.

कारण डोमा खेळायचा. चौघांच्या गटात एक जण आला नाही की साहेब लोक हाक मारायचे, "ए डोमा, चौथा हो." तो फळी बाजूला ठेवायचा, कुणाच्या तरी बॅगेतली जुनी स्टिक घ्यायचा आणि अनवाणीच खेळायचा. खेळायला शिकला पहाटे, कुणी नसताना, टाकून दिलेल्या एका सात नंबरच्या लोखंडी स्टिकने. लोकेश म्हणायचा, जंगलातली माणसं, तिरकमठ्याचा नेम असतो. डोमाने उभ्या आयुष्यात तिरकमठा हातात धरला नव्हता, मी विचारलं होतं. त्याचंही कार्ड बाकीच्यांबरोबर लिहिलं जायचं, सोबतचा अधिकारी मार्कर म्हणून त्यावर सही करायचा आणि नंतर ते कार्ड फेकून दिलं जायचं. मी ती कार्डं गोळा करायला लागलो. दीड वर्षात वीस झाली. हँडिकॅप एकोणीस. मग समितीत मीच ठराव मांडला की वार्षिक स्पर्धेत मैदानावरच्या कर्मचाऱ्यालाही खेळू द्यावं. चीफसाहेब, म्हणजे प्लांटचे प्रमुख आणि क्लबचे कॅप्टन, "चांगली कल्पना आहे, खोब्रागडे" म्हणाले. त्या रात्री मला छान झोप लागली.

आता जे सांगायचं आहे ते मी आठवडाभर स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. त्या वीस कार्डांत पहिल्या नऊ होलांना डोमाचे चाळीस फटके असायचे आणि दुसऱ्या नऊला पन्नास. दर वेळी. पहिल्या फेरीत तो गटात सगळ्यांच्या पुढे असायचा, दुसऱ्यात त्याचा बॉल झुडपात जायचा, दोन फुटांवरून होल चुकायचा. मी आकडे भरणारा माणूस. हे मला दिसलं नाही असं कोण म्हणेल? एकदा मी स्वतः त्याच्या गटात होतो. शेवटचा होल, बॉल हातभर अंतरावर, तो घातला तर चीफसाहेब हरणार. डोमाने होलकडे बघितलंच नाही. चीफसाहेबांच्या बुटांकडे बघितलं आणि बॉल होलच्या कडेने काढून दिला. चीफसाहेब मोठ्याने हसले, म्हणाले, "अरे डोमा, घाबरला का?" डोमाही हसला. मग फळी घेऊन त्याने वाळूवरची ती रेघ पुसून टाकली. झाडणं, पाणी मारणं, झेंडा काढणं, त्यातलंच हेही एक काम असल्यासारखं.

आमचे बाबा, देवाजी खोब्रागडे, ऊर्जानगरला कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. त्यांच्यासारखा कॅरम आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत कुणी खेळत नव्हतं. मी आठ वर्षांचा असताना कामगारांच्या हॉलात फायनल होती, समोर शिफ्टचे एक साहेब. शेवटी बाबांची एक सोंगटी उरली होती, भोकाच्या तोंडाशी, मीसुद्धा घातली असती. बाबांनी ती सोडली. सायकलच्या दांडीवर बसून घरी जाताना मी विचारलं, "बाबा, काऊन सोडली?" बाबा म्हणाले, "पावडर जास्त झाली होती." पुढच्या महिन्यात त्यांचं नाव कायम झालेल्यांच्या यादीत आलं. त्या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता ते मला आजही सांगता येणार नाही, आणि बाबांनाही सांगता आलं नसतं. तेच बाबा दर सोळा ऑक्टोबरला मला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर न्यायचे, पांढरा सदरा घालून, आणि गर्दीत माझा हात घट्ट धरून म्हणायचे, "आता आपन कोनापुढं वाकाचं नाई, पोरा." मी त्यांचं ऐकलं. खूप शिकलो. कुणाच्या पाया पडत नाही, साहेबांच्या बंगल्यावर मिठाईचे डबे पोचवत नाही. फक्त चीफसाहेब बदलून आल्यापासून तीन वर्षं, शेवटच्या दोन-तीन होलांवर, माझा बॉल बोटभर उजवीकडे जातो.

पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, चुकला. दुसऱ्यांदा वाटलं, वारा. खरं म्हणजे चीफसाहेब भले माणूस आहेत, त्यांनी कधी कुणाला हरायला सांगितलेलं नाही. जिंकल्यावर ते दिवसभर खुशीत असतात, एवढंच. हरले की सोमवारच्या मीटिंगला खोलीतली हवाच बदलते, असं मला वाटायचं. आता वाटतं की तेही कदाचित माझ्याच डोक्यात असेल. माझा हँडिकॅप चौदा आहे. खरा काढला तर नऊ निघेल, कदाचित आठ. मी हँडिकॅप सेक्रेटरी, नियम भिंतीवर लावणारा, आणि सॉफ्टवेअरमध्ये माझ्या नावापुढचा आकडा खोटा. वीस कार्डांतली आठ चांगली निवडायची, पण आठही खोटीच असली तर गणित काय करणार? हे एकाच माणसाला माहीत असणं शक्य होतं. प्रत्येक ब्राउनवर माझ्या बॉलची रेघ होलपासून किती बाजूला गेली आणि कुठून वळली हे बघूनच तो ती पुसत होता.

स्पर्धेच्या सकाळी डोमा नव्या बुटांत आला होता. बूट त्याला चावत होते. त्याच्या गटात नागपूरहून आलेले दोन पाहुणे होते, दोघंही अनोळखी, त्यांना हरवून कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी त्याला बाजूला घेतलं. बाकीचे त्याला अरेतुरे करतात, मी डोमाभाऊ म्हणतो. याचाही मला अभिमान होता.

"डोमाभाऊ, आज पूर्ण खेळा."

"पूर्न?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"पूर्ण. शेवटपर्यंत."

तो पूर्ण खेळला. तिसऱ्या होलनंतर त्याने बूट काढून ठेवले. पहिल्या नऊला सदतीस, दुसऱ्या नऊला सदतीस. मी दुरून बघत होतो. एकेका फटक्यानंतर तो जागेवरच थांबून बॉल जाताना बघायचा, पार टेकेपर्यंत. त्याला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसरा आलेला माणूस निव्वळ अडुसष्ट होता. डोमा त्याच्यापेक्षा तेरा फटक्यांनी पुढे. टेबलावर बसून मी वजाबाकी केली, चौऱ्याहत्तरमधून एकोणीस, आणि ती पुन्हा एकदा करून बघितली. असं उत्तर खऱ्या हँडिकॅपमधून येत नाही. याचा जगभर एकच अर्थ काढतात, मुद्दाम वाईट कार्डं भरून सवलत फुगवायची आणि बक्षिसाच्या दिवशी खरं खेळायचं. या खेळात याच्याहून मोठी लबाडी नाही. आणि ती लबाडी मी माझ्या हाताने, न्यायासाठी, महिनोन्महिने कार्डं गोळा करून, त्याच्या नावावर जमा केली होती.

बुधवारी संध्याकाळी सहाला समिती बसली. चीफसाहेब, लोकेश आणि मी. डोमा दाराशी उभा. ठेकेदाराने आधीच कळवलं होतं की क्लबची तक्रार आली तर माणूस काढावा लागेल. म्हणजे नोकरी, पंपहाउसमागची खोली, आणि त्याची मुलगी दीपिका इथल्या कॉलेजात अकरावीला होती ते, सगळं त्या टेबलावर होतं. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. चीफसाहेब शांत होते. म्हणाले, "डोमा, आमच्याबरोबर तुला नव्वद लागतात. पाहुण्यांबरोबर चौऱ्याहत्तर. हे कसं?" डोमा खाली बघत राहिला. मग ते माझ्याकडे वळले. "खोब्रागडे, कार्डं तुम्ही भरता. तुम्हाला कधी काही वेगळं दिसलं होतं?"

वाक्य तयार होतं. सर, तो तुमच्यासमोर मुद्दाम हरायचा. एवढंच. रविवारपासून मी ते घोकत होतो, अंघोळ करताना एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं. पण त्यानंतरचा प्रश्न मला ऐकू येत होता, तुम्हाला कसं कळलं? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. मार्चमध्ये माझ्या बढतीचा अहवाल चीफसाहेबच लिहिणार होते. मला तहान लागली. समोर पाण्याचा ग्लास होता, तो उचलावासा वाटेना. भिंतीवरचं घड्याळ, लोकेशच्या हातातलं पेन, डोमाच्या पायाला बुटांनी आलेले फोड, सगळं मला एकदम फार स्पष्ट दिसत होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "प्रत्येक कार्डावर मार्करची सही आहे."

"म्हणजे मार्करलाही फसवलं," लोकेश म्हणाला.

तेव्हा डोमाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. "हौ साहेब," तो चीफसाहेबांना म्हणाला, "मीच जास्त फटके मारत होतो. माह्या हातून झालं."

"पण कशाला?"

"मिक्सरसाठी." पहिलं बक्षीस मिक्सर होता. "बाईले पायजे होता."

लोकेशला हसू आलं. चीफसाहेबांना आलं नाही. त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. कबूल केलंस हे चांगलं केलंस, ते म्हणाले, पण क्लबला काही शिस्त आहे. इतिवृत्त माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी चांगलं आहे. मी लिहिलं, 'श्री. नरोटे यांनी स्वेच्छेने कबुली दिली.' श्री. लावायला विसरलो नाही. घरी संघप्रियाने विचारलं, काय झालं त्यांचं? मी सांगितलं, त्याने कबूल केलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "अन् तुम्ही?" मी म्हणालो, मला काही विचारलंच नाही. इतकं सरळ खोटं मी तिच्याशी पहिल्यांदा बोललो, आणि तिने ते खरं मानलं याचा मला राग आला.

शुक्रवारी दुपारी गेटवरच्या गार्डने सांगितलं की डोमाचा पास जमा झाला, खोली खाली झाली. मी ऑफिसातून उठून गाडी काढली. फाट्यावरच्या शेडमध्ये ते तिघं होते, डोमा, त्याची बायको सोमारी आणि पत्र्याच्या पेटीवर बसलेली दीपिका. गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीला जाणारी बस यायची होती. दीपिकाने कॉलेजची बॅग पोटाशी धरली होती. ती माझ्याकडे बघेना.

"डोमाभाऊ, मी चीफसाहेबांना जाऊन सांगतो," मी म्हणालो. "आत्ता जातो. खरं काय ते सगळं सांगतो."

"काय सांगान?"

"तुम्ही त्यांच्यासाठी मुद्दाम हरायचे ते."

डोमाने मान हलवली. "नोका सांगू. मंग त्याहिले समजन का ते एकबी खेप खरे जितले नाई. माहा भाऊ कोलू इथंच प्लांटच्या राखेच्या गाडीवर हाय, त्याले बी काढन. लबाड म्हनलं तं माह्यावरच रायते. रावू द्या."

"माझ्यामुळे झालं हे. मीच तुम्हाला पूर्ण खेळा म्हणालो."

"तुमी म्हनलं, मी खेळलो. लय मजा आली साहेब, खोटं नाई सांगत. बारा वर्सांत पयल्यांदा." तो खरंच हसला. सोमारी त्याला गोंडीत काहीतरी म्हणाली, मला ते समजलं नाही. तिचा आवाज चढलेला होता. दूरवर वळणावर बस दिसली. डोमाने पेटीच्या कडीला हात घातला, मी दुसरी कडी धरली. दीपिका उठून बाजूला झाली. पेटी हलकी होती. बारा वर्षांचा संसार आणि एका हाताने उचलता आली असती.

"साहेब, एक गोष्ट इचारू का?" पेटी उचलता उचलता तो म्हणाला. "राग नोका मानू."

"विचारा."

"मी पोटासाठी हारलो. तुमची नोकरी परमनंट हाय, एवढे शिकलेले हा. तुमाले कोन काढू शकत नाई." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी गिळला असता, मला सवय आहे. पण गेली तीन वर्षं पडलेलं कोडं आता जाता जाता तरी सुटावं, असा त्याचा चेहरा होता. "तुमी काऊन हारता?"

बस थांबली. सोमारी आणि दीपिका चढल्या, पेटी आत गेली. कंडक्टरने दोनदा बेल मारली. डोमा दारातल्या दांडीला धरून पायरीवरच उभा राहिला, माझ्याकडे बघत, मी काही बोलतो का म्हणून.